तळं, सातबारा आणि समीकरणं : मॉडेलिकात नाव कुठे सापडतं आणि वारसा कसा येतो

पायथन किंवा जावा थोडंफार येणारा माणूस मॉडेलिका, म्हणजे समीकरणं लिहून एखादी यंत्रणा संगणकावर चालवून बघायची भाषा, शिकायला बसला की पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. समीकरण लिहायचं, बटण दाबायचं, आलेख बघायचा. मग एखाद्या दिवशी तो वारसा, म्हणजे आधीच्या मॉडेलवरून नवं मॉडेल बनवायची सोय, वापरायला जातो आणि खाली लाल अक्षरांत निरोप येतो : समीकरणं पाच, चलं चार. त्याने तर एकच ओळ बदललेली असते. निदान त्याला तसं वाटत असतं.

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांना ही भाषा शिकवताना हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिला आहे, की आता सुरुवातच तिथून करतो. गोंधळाची मुळं दोन. एक, या भाषेत नाव कुठे शोधलं जातं याचे नियम वेगळे आहेत. दोन, इथला वारसा म्हणजे जुनं खोडून नवं लिहिणं नव्हे. या दोन्ही गोष्टी आपण एका शेततळ्यावर शिकू. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रात्री लाईट आली की मोटर चालते, पाणी तळ्यात पडतं आणि दिवसा ठिबकने केळीला जातं. हे चित्र डोळ्यांसमोर असलं की निम्मं काम झालं.

एक खुलासा आधीच. मॉडेलिकाचे शब्द आणि चलांची नावं संगणकावर रोमन लिपीतच टंकावी लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळा कोड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिला आहे. कोडमधल्या टिपा मात्र तुम्ही खुशाल मराठीत लिहा, त्या चालतात.

तयारी

मॉडेलिका हे सॉफ्टवेअर नाही, भाषा आहे. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी १९७८ साली स्वीडनमधल्या लुंड इथे केलेल्या पीएचडीच्या कामात तिची बीजं आहेत, आणि भाषेची पहिली अधिकृत व्याख्या सप्टेंबर १९९७ मध्ये आली. ती चालवणारी साधनं बरीच आहेत. नवख्याने ओपनमॉडेलिका घ्यावं. ते फुकट आहे, मुक्त आहे आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचा बराच प्रसार केला आहे. त्यासोबत ओएमएडिट नावाचा संपादक येतो, त्यातच सगळं काम करायचं.

ओएमएडिटमधली दोन बटणं आजच ओळखून ठेवा. ‘चेक मॉडेल’ तुमची समीकरणं आणि चलं मोजून सांगतं. ‘इन्स्टॅन्शिएट मॉडेल’ सगळा वारसा, सगळी बदललेली मूल्यं एकत्र उलगडून एका सपाट यादीत दाखवतं. दुसरं बटण बहुतेक जण महिनोन्महिने दाबतच नाहीत. खरं उत्तर नेहमी तिथे असतं.

पायरी १ : एक तळं

मॉडेल तळं
  पॅरामीटर रिअल क्षेत्र = ४००;
  पॅरामीटर रिअल मोटर = ०.००५;
  रिअल उंची(स्टार्ट = १, फिक्स्ड = ट्रू);
  रिअल आत;
  रिअल बाहेर;
इक्वेशन
  क्षेत्र * डेर(उंची) = आत - बाहेर;
  आत = मोटर;
  बाहेर = ०;
एंड तळं;

क्षेत्र चौरस मीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, पाणी दर सेकंदाला घनमीटरमध्ये. म्हणजे मोटर सेकंदाला ५ लिटर टाकते. डेर म्हणजे बदलाचा वेग. स्टार्ट आणि फिक्स्ड मिळून सांगतात की सुरुवातीला उंची १ मीटर आहे. पॅरामीटर एकदा ठरला की चालवणं संपेपर्यंत हलत नाही, म्हणून तो अज्ञातांत मोजला जात नाही. अज्ञात तीन : उंची, आत, बाहेर. समीकरणं तीन. हिशोब जुळला.

बरोबरच्या चिन्हाकडे नीट बघा. हे पायथनमधलं ‘उजवीकडचं डावीकडे ठेव’ नाही, गणितातलं ‘दोन्ही बाजू समान’ आहे. पहिलं समीकरण उलटं लिहिलं, म्हणजे आत वजा बाहेर डावीकडे आणि डेर उजवीकडे, तरी फरक शून्य. ओळींची अदलाबदल केली तरीही. ओळींना क्रम नाही, म्हणून ‘नंतरची ओळ आधीची ओळ पुसते’ ही कल्पनाच इथे लागू होत नाही. पुढे पायरी ५ मध्ये जे रामायण घडतं ते ही गोष्ट विसरल्यामुळे.

मॉडेल चालवलं आणि आलेख सपाट आला तर घाबरू नका. ओएमएडिट मुळात एकच सेकंद चालवतं. एका सेकंदात पातळी सव्वाशतांश मिलिमीटर चढते, केसाच्या जाडीइतकीही नाही. शेवटची वेळ २८८०० करा, म्हणजे आठ तासांची लाईट. १४४ घनमीटर पाणी पडेल आणि तळं ३६ सेंटिमीटरने वर येईल.

पायरी २ : नावाचं माहेर

स्कोप म्हणजे एखादं नाव कुठपर्यंत ओळखलं जातं तो आवाका. सोप्या गोष्टी आधी संपवू.

चल मॉडेलच्या वरच्या भागात जाहीर होतं. समीकरणांच्या मधेच किंवा लूपच्या आत नवं चल जाहीर करायची सोय नाही. सी किंवा जावातून आलेल्यांचा हात तिकडे वळतो, तो आवरा. लूपचं मोजणीचं नाव, समजा ‘क’, फक्त लूपच्या आत जिवंत असतं; त्याला मूल्य द्यायचं नसतं. मॉडेलमध्ये आधीच ‘क’ असेल तर लूपच्या आत ते झाकलं जातं. फंक्शन तर आणखी कडक. त्याला आत दिलेल्या गोष्टी दिसतात, स्थिरांक दिसतात, दुसरी फंक्शनं दिसतात. मॉडेलची चलं दिसत नाहीत. वेळ सांगणारं ‘टाइम’ हे चल प्रत्येक मॉडेलमध्ये आपोआप असतं, पण फंक्शनला तेही नाही.

आता मुख्य गोष्ट. समीकरणात एखादं नाव आलं की संगणक ते आधी त्याच मॉडेलमध्ये शोधतो, वारशाने आलेल्या गोष्टी धरून. नाही सापडलं तर ज्याच्या पोटात हे मॉडेल लिहिलेलं आहे त्या पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे मॉडेलं, स्थिरांक वगैरे एकत्र ठेवायचा गठ्ठा), मग त्याच्या बाहेरच्यात, असं वर वर जातो. हा शोध मजकुराच्या जागेवरून होतो. मॉडेल जिथे लिहिलं गेलं, जन्मलं, ती जागा महत्त्वाची. मी याला नावाचं माहेर म्हणतो. सासरही पुढे येणार आहे.

पॅकेज सिंचन
  कॉन्स्टंट रिअल दिवस = ८६४००;
  मॉडेल तळं
    ...
  एंड तळं;
एंड सिंचन;

तळ्याच्या आत कुठेही ‘दिवस’ लिहिलं तर ते सिंचन पॅकेजमध्ये सापडेल आणि चालेल. का चालेल? कारण तो कॉन्स्टंट आहे. बाहेरच्या घेऱ्यातून फक्त कॉन्स्टंट उचलता येतो. समजा तुम्ही ‘मळा’ नावाच्या मॉडेलच्या पोटातच ‘तळं’ हे मॉडेल लिहिलं आणि तळ्यातून मळ्याचा एखादा पॅरामीटर वापरला. नाव सापडेल, पण संगणक नकार देईल. कारण साधं आहे. मळे दहा असू शकतात, प्रत्येकाचा पॅरामीटर वेगळा. मग माहेरच्या मजकुरात उभं राहून ‘मळ्याचा पॅरामीटर’ म्हटलं तर कोणत्या मळ्याचा? कॉन्स्टंटला हा प्रश्न पडत नाही, तो सगळीकडे एकच.

‘एन्कॅप्सुलेटेड’ हा शब्द पॅकेज किंवा मॉडेलला लावला की वर जाणारा शोध तिथेच थांबतो. भाषेत अंगभूत असलेले प्रकार आणि फंक्शनं तेवढी सापडतात. नवख्याला त्याची गरज क्वचित पडते.

पायरी ३ : बाहेरून आत डोकावणं

मळ्यात ‘वरचं’ नावाचं तळं ठेवलं तर त्याची पातळी ‘वरचं.उंची’ अशी टिंबाने मिळते. पण तळ्यात ‘प्रोटेक्टेड’ या शीर्षकाखाली काही जाहीर केलं असेल, तर टिंब लावून ते बाहेरून मिळत नाही. वारसाला मात्र मिळतं. घरातल्या तिजोरीसारखं आहे : पाहुण्याला बंद, लेकराला उघडं. आणखी एक, ओपनमॉडेलिका प्रोटेक्टेड चलं मुळात आलेखाच्या यादीत दाखवत नाही. ‘माझं चल गायब झालं’ म्हणून तासभर शोधण्याआधी तो शब्द वर कुठे आहे का ते बघा.

पायरी ४ : तुन्हं आणि मन्हं

मॉडेल मळा
  पॅरामीटर रिअल क्षेत्र = ९००;
  तळं वरचं(क्षेत्र = क्षेत्र);
  तळं खालचं(क्षेत्र = क्षेत्र / २);
एंड मळा;

कंसातला ‘क्षेत्र = क्षेत्र’ बघून प्रत्येक वर्गात कुणीतरी हसतं. यात काय सांगितलं? अमळनेरकडच्या एका विद्यार्थ्याने यावर अहिराणीत तोडगा काढला, आणि तेव्हापासून मी तोच शिकवतो. कंसात डावीकडचं ते ‘तुन्हं’, म्हणजे तुझं; उजवीकडचं ते ‘मन्हं’, म्हणजे माझं. तुन्हं क्षेत्र बरोबर मन्हं क्षेत्र. डावं नाव तळ्याच्या आत शोधलं जातं, उजवं नाव ही ओळ जिथे लिहिली आहे तिथे, म्हणजे मळ्यात. वरच्या तळ्याला ९०० मिळतात, खालच्याला ४५०.

यातूनच एक नेहमीची चूक सुटते. मळ्यात ‘क्षेत्र’ जाहीरच केलं नाही आणि तरी ‘क्षेत्र = क्षेत्र / २’ लिहिलं, तर ‘क्षेत्र सापडत नाही’ असा निरोप येतो. माणूस तळ्याच्या कोडकडे बोट दाखवून म्हणतो, हे काय, इथे आहे की! तिथे आहे ते तुन्हं. मन्हं कुठे आहे?

एकाच गोष्टीला दोन ठिकाणी मूल्य दिलं असेल तर बाहेरच्याचं चालतं. तळ्यात ४००, मळ्यात ९००, तर ९००. तालुक्याच्या मॉडेलने मळ्याला आणखी वेगळं दिलं तर तेच. कुणी बदलू नये असं वाटत असेल तर कंसात नावाआधी ‘फायनल’ लिहा. तळ्यांची रांग केली, समजा तीन तळ्यांची, आणि सगळ्यांना एकच मूल्य द्यायचं असेल तर कंसात नावाआधी ‘ईच’ लिहा. वेगवेगळी द्यायची असतील तर महिरपी कंसात तीन आकडे.

पायरी ५ : वारसा, बोजासकट

आता त्या पाच-चारच्या भांडणाकडे येऊ.

आपल्या तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला आहे. पाणी झिरपतं, आणि पातळी जास्त असेल तितकं जास्त झिरपतं. जावा शिकलेला मुलगा असं लिहितो :

मॉडेल झिरपतंतळं
  एक्सटेंड्स तळं;
  रिअल झिरप;
इक्वेशन
  झिरप = ०.००००२ * उंची;
  क्षेत्र * डेर(उंची) = आत - बाहेर - झिरप;
एंड झिरपतंतळं;

त्याच्या मनात आहे : आईबापाचं पाण्याचं समीकरण मी नव्याने लिहिलं, आता जुनं गेलं. जावात तसं होतं. त्याच नावाची पद्धत पुन्हा लिहिली की जुनी झाकली जाते. पण समीकरणाला नाव कुठे असतं? कोणतं कोणाला झाकणार, हे ठरवायला भाषेकडे काही साधनच नाही. म्हणून ती झाकत नाही, जोडते. तळ्याची तीन आणि नवी दोन मिळून समीकरणं पाच. चलं उंची, आत, बाहेर, झिरप ही चार.

सातबाऱ्यावर वारस लागतो तेव्हा जमीन तर नावावर येतेच, पण ‘इतर हक्क’ या रकान्यातला सोसायटीचा बोजाही येतो. ‘जमीन द्या, बोजा नको’ असं तलाठ्याला सांगून चालत नाही. एक्सटेंड्सचं तसंच आहे. बापाचं प्रत्येक समीकरण तुमच्या अंगावर येतं, आणि फेरफार करून ते उडवायची वाट या भाषेत नाही. पाण्याचं समीकरण पुन्हा न लिहिता लेकाने नुसतं ‘बाहेर = झिरप’ लिहिलं तरी भांडण तेच, कारण बापाचं ‘बाहेर = ०’ अजून उभंच आहे.

मग बदलता काय येतं? जाहीर करतानाच जोडलेलं मूल्य. बापाच्या मॉडेलमध्ये खालच्या भागातलं ‘बाहेर = ०’ काढून ते वरच्या जाहीरनाम्यात नेलं, म्हणजे ‘रिअल बाहेर = ०;’ असं केलं, तर तेही समीकरणच आहे, मोजणीत एक धरलं जातं, पण आता ते एका नावाला बांधलेलं आहे. बांधलेलं असल्यामुळे वारस ते कंसात बदलू शकतो :

मॉडेल झिरपतंतळं
  एक्सटेंड्स तळं(बाहेर = झिरप);
  रिअल झिरप;
इक्वेशन
  झिरप = ०.००००२ * उंची;
एंड झिरपतंतळं;

चार आणि चार. कंसातला तुन्हं-मन्हं नियम इथेही लागतो : डावं ‘बाहेर’ बापाचं, उजवं ‘झिरप’ लेकाचं.

सगळ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे : खालच्या भागातली समीकरणं बेरजेत येतात, जाहीरनाम्यात बांधलेली मूल्यं मात्र जागा घेतात. यातली दुसरी अर्धी बाजूही फसवी आहे. समजा नातू आला, उन्हाने उडणारं पाणीही धरणारा. त्याने झिरपत्या तळ्याचा वारसा घेऊन कंसात ‘बाहेर = उडालेलं’ लिहिलं. चालतं, कारण बाहेरच्याचा शब्द शेवटचा. पण आता झिरप हिशोबातून गेली! बांधलेलं मूल्य जागा घेतं, त्यात भर पडत नाही. नातवाला ‘बाहेर = झिरप + उडालेलं’ असं पूर्ण लिहावं लागेल. इथे मोजणी जुळलेलीच राहते, कुठेही लाल अक्षर दिसत नाही आणि तळं गुपचूप कमी रिकामं होतं. लाल अक्षरांच्या चुकीपेक्षा मला ही चूक जास्त भीतीदायक वाटते.

म्हणून माझी स्वतःची सवय वेगळी आहे. बापाला मुळात अर्धवटच ठेवायचं :

पार्शल मॉडेल मूळतळं
  पॅरामीटर रिअल क्षेत्र = ४००;
  रिअल उंची(स्टार्ट = १, फिक्स्ड = ट्रू);
  रिअल आत;
  रिअल बाहेर;
इक्वेशन
  क्षेत्र * डेर(उंची) = आत - बाहेर;
एंड मूळतळं;

तीन चलं, एक समीकरण. ‘पार्शल’ असल्याने हे एकटं चालवता येत नाही, आणि तेच हवं आहे. जे प्रत्येक तळ्याला खरं आहे, तेवढंच बापाने बोलायचं. मोटर आहे का, कागद फाटला आहे का, ठिबक चालू आहे का, हे ज्याचं त्याने सांगायचं. लेक ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांची दोन समीकरणं देईल. द्यायला विसरला तर मोजणी चुकेल आणि लगेच कळेल. शून्य हे मुळातलं मूल्य देऊन ठेवलं तर विसरलेलं कधीच कळत नाही. मॉडेलिकाच्या प्रमाण संग्रहात, म्हणजे तयार मॉडेलांच्या अधिकृत साठ्यात, विजेच्या रोधकापासून पाण्याच्या नळापर्यंत हीच रीत दिसेल : वर पार्शल घराणं, खाली समीकरणं पुरी करणारी लेकरं.

दोन बापांचा वारसाही घेता येतो, दोन एक्सटेंड्स लिहून. दोघांकडून एकाच नावाची गोष्ट आली तर ती हुबेहूब सारखी असली पाहिजे; मग ती एकच धरली जाते. एकाकडे क्षेत्र ४०० आणि दुसऱ्याकडे ५०० असेल तर चूक. लेकाने बापाच्याच नावाचं चल वेगळ्या प्रकारे पुन्हा जाहीर केलं तरी हाच नियम, इथे नाव झाकलं जात नाही. खरोखर बदलायचंच असेल तर बापाने आधी ‘रिप्लेसेबल’ म्हणून मुभा द्यावी लागते आणि लेकाने ‘रीडिक्लेअर’ म्हणावं लागतं. तो विषय मोठा आहे, पहिल्या महिन्यात त्यात शिरू नका.

पायरी ६ : परगावी गेलेलं समीकरण

मूळतळं सिंचन पॅकेजमध्ये लिहिलं आहे. तुम्ही ‘केळी’ नावाचं वेगळं पॅकेज केलं, त्यातही ‘दिवस’ नावाचा कॉन्स्टंट ठेवला, पण सेकंदांऐवजी तासांत, २४. आता केळी पॅकेजमधल्या एका मॉडेलने सिंचनमधल्या तळ्याचा वारसा घेतला. त्या तळ्याच्या समीकरणात ‘दिवस’ होता. तो कोणता धरला जाईल, ८६४०० की २४?

८६४००. समीकरण लेकाच्या घरी राहायला आलं तरी त्याचं माहेर बदलत नाही. पॅकेजमधली नावं ते आपल्या माहेरच्या मजकुरातच शोधतं. लेकाने स्वतः लिहिलेल्या ओळीत ‘दिवस’ आला तर मात्र २४. एकाच मॉडेलमध्ये एकच शब्द, दोन मूल्यं. उलगडलेली यादी बघितल्याशिवाय हे डोळ्यांना दिसत नाही.

इम्पोर्टचंही लक्षात ठेवा : ते वारशात येत नाही. बापाने वर इम्पोर्ट करून एखाद्या लांबलचक नावाचं छोटं रूप केलं असेल, तर ते बापाच्या मजकुरापुरतं. लेकाला हवं असेल तर त्याने पुन्हा इम्पोर्ट करावं. आणि जुन्या पाठांतले नमुने उतरवताना एककांचा इम्पोर्ट फसतो, तो वारशामुळे नाही. प्रमाण संग्रहाच्या ४.० या आवृत्तीत, २०२० साली, ‘मॉडेलिका.एसआययुनिट्स’ जाऊन ‘मॉडेलिका.युनिट्स.एसआय’ आलं. नाव बदला, चालेल.

पायरी ७ : सासर

आतापर्यंत सगळी नावं माहेरात शोधली. पण काही गोष्टी माहेरावरून ठरत नाहीत. ऊनच घ्या. तळं लिहिताना ते भुसावळला बसणार की नवापूरला, हे आपल्याला माहीत नसतं. बसलं त्या मळ्याचं ऊन त्याला लागतं. प्रत्येक तळ्याला कंसातून ऊन द्यायचं म्हटलं तर पन्नास तळ्यांना पन्नास वेळा लिहा. त्यासाठी ‘आउटर’ आणि ‘इनर’ ही जोडी आहे.

मॉडेल हवामान
  पॅरामीटर रिअल बाष्पदर = ०.००३ / दिवस;
एंड हवामान;

मॉडेल उघडंतळं
  एक्सटेंड्स मूळतळं;
  आउटर हवामान हवा;
इक्वेशन
  आत = ०;
  बाहेर = क्षेत्र * हवा.बाष्पदर;
एंड उघडंतळं;

मॉडेल उन्हाळीमळा
  इनर हवामान हवा(बाष्पदर = ०.००८ / दिवस);
  उघडंतळं वरचं(क्षेत्र = ९००);
  उघडंतळं खालचं;
एंड उन्हाळीमळा;

हे सगळं सिंचन पॅकेजमध्येच आहे असं समजा, म्हणजे ‘दिवस’ सापडेल. रोज ८ मिलिमीटर हा आकडा मी उन्हाळ्यासाठी धरून चाललो आहे, तुम्ही तुमच्या गावचा घाला.

‘आउटर हवामान हवा’ म्हणजे तळं म्हणतंय : माझ्याकडे स्वतःची हवा नाही, मी जिथे नांदेन तिथली वापरीन. संगणक मग मजकुरात वर जात नाही, तर तळं ज्या मळ्यात बसवलं आहे त्या मळ्यात बघतो, तिथे नाही तर मळा ज्याच्यात बसवला आहे त्यात. सगळ्यांत जवळचा, त्याच नावाचा इनर सापडला की थांबतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते ते दोन दिवस सोडले तर चूल, पाणी, वेळापत्रक सगळं सासरचं. तसं हे सासर. एकच तळ्याचं मॉडेल दोन मळ्यांत बसवा, दोघांना आपापल्या मळ्याची हवा लागेल, तळ्याच्या कोडला हात न लावता.

नाव जुळलं पाहिजे, हे विसरू नका. मळ्यात ‘इनर हवामान वारा’ लिहिलं आणि तळ्यात ‘आउटर हवामान हवा’, तर भेट होणार नाही. आणि इथे पायरी २ मधला कॉन्स्टंटचा अडसर नाही. इनरमधली गोष्ट वेळेनुसार बदलणारीही असू शकते, कारण आता ‘कोणत्या मळ्याची’ हा प्रश्नच उरत नाही, बसवतानाच तो सुटलेला असतो. प्रमाण संग्रहात यंत्रांच्या मल्टिबॉडी विभागात ‘वर्ल्ड’ आणि द्रवांच्या फ्लुइड विभागात ‘सिस्टम’ हे असेच इनर ठेवायचे असतात. गुरुत्व त्यांच्याकडून येतं.

ही सोय मोहात पाडते. नवखा एकदा शिकला की क्षेत्रही इनर, मोटरही इनर, सगळंच इनर करतो. तसं करू नका. ज्या गोष्टी खरोखर सगळ्यांना समान असतात, हवा, गुरुत्व, पाण्याचं तापमान, तेवढ्याच इनरमध्ये ठेवा. क्षेत्र तळ्याचं स्वतःचं आहे, ते कंसातूनच द्यावं.

आणि इनर लिहायला विसरलात तर? भाषा साधनाला मुभा देते : एकच प्रकारचा आउटर असेल तर साधन सगळ्यात वर स्वतःच एक इनर बनवू शकतं. ओपनमॉडेलिका तसं करतं आणि एक इशारा देऊन मोकळं होतं. मी एकदा मे महिन्याचा हिशोब करताना मळा नव्याने लिहिला आणि इनरची ओळ राहून गेली. समीकरणं जुळली, आलेख आला, पाणी व्यवस्थित उतरताना दिसलं. फक्त हवामानाचं मुळातलं मूल्य, ३ मिलिमीटर, हिवाळ्याचं होतं. रोज ५ मिलिमीटर कमी उडत होतं, महिन्याला १५ सेंटिमीटर. इशारा पिवळ्या अक्षरांत खाली पडलेला होता. मी फक्त लाल शोधत होतो. आलेखाच्या यादीत सगळ्यात वर, कोणत्याही मळ्याच्या पोटात नसलेली एक ‘हवा’ उभी होती, मी न लिहिलेली. तेव्हापासून निकाल आला की आधी ती यादी वरपासून वाचतो.